घरच्या प्रयोगशाळेची पहिली खरेदी: आधी काटा, मग काच, रसायनं शेवटी

घरी छोटी प्रयोगशाळा मांडायची ठरली की बहुतेक जण आधी काच घेतात. बीकरचा मोठा सेट येतो, गोल बुडाचे चंबू येतात, फोटोत छान दिसणारा कंडेन्सर येतो. थोड्याच दिवसांत त्यावर धूळ बसते, कारण त्यातून काहीच मोजता येत नाही. रंग बदलला, फेस आला, खाली साका बसला, एवढं बघून झालं की मजा संपते. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे: आधी मोजायची साधनं घ्या, मग काच घ्या, आणि रसायनं सगळ्यात शेवटी, लागतील तशी. हाताशी एक चांगला काटा, एक थर्मामीटर आणि एक ब्युरेट (खाली तोटी असलेली, मापाच्या खुणांची काचेची नळी) असेल तर किराणा दुकानातल्या वस्तूंवरही वर्षभर काम करता येतं. आपल्या सांगलीत तर द्राक्षं, हळद, बोअरचं पाणी, क्षारपड माती असं मोजण्यासारखं घराच्या आसपासच भरपूर आहे.

जागा ठरवा

स्वयंपाकघर नको. ही अट पक्की धरा. जेवणाची भांडी, चमचे, मिक्सर, फ्रिज यांचा प्रयोगाशी कधीच संबंध येता कामा नये. प्रयोगाला वापरलेली वाटी पुन्हा ताटात येत नाही. गॅलरी, गच्चीवरची खोली किंवा दोन खिडक्यांची पडवी चालेल. तिथे फरशीचा किंवा कडप्प्याचा ओटा, जवळ नळ, एक बादली कोरडी वाळू आणि नीट उजेड हवा.

सांगलीत जागा ठरवताना पूर विसरता येत नाही. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. गावभाग, सांगलवाडी किंवा नदीकाठच्या कुठल्याही भागात राहत असाल तर तळमजल्यावर एकही बाटली ठेवू नका. वरच्या मजल्यावरही सगळ्या बाटल्या कडी असलेल्या दोन प्लॅस्टिकच्या टबांत ठेवा: एकात आम्लं, दुसऱ्यात सोडा-चुन्यासारखे अल्कली पदार्थ. घर सोडायची वेळ आली तर दोन टब उचलून हलवता येतात, कपाटभर सुट्या बाटल्या हलवता येत नाहीत. लेबलं शिसपेन्सिलीने लिहा आणि वरून चिकटपट्टी लावा. पेनाची शाई ओलीत पसरते, आणि नाव पुसलेली बाटली ही प्रयोगशाळेतली सगळ्यात धोकादायक वस्तू असते.

काचेच्या आधी गॉगल घ्या. नुसता चष्मा नको, बाजूने बंद असलेला गॉगल हवा. नायट्राइलच्या हातमोज्यांचा एक खोका घ्या. कॉन्टॅक्ट लेन्स काढून कामाला बसा. काही उडालंच तर डोळे सलग पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरायचे आणि मग डॉक्टरांकडे जायचं. घरातली मुलं सोबत असतील तर त्यांच्यासाठी वेगळे, त्यांच्या मापाचे गॉगल आणा.

काटा

एकच वस्तू घेण्याइतके पैसे असतील तर काटा घ्या. ५०० ग्रॅमपर्यंत तोलणारा आणि ०.०१ ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा घरच्या कामाला पुरतो. ०.००१ ग्रॅमच्या स्वस्त खिशातल्या काट्यांच्या मागे लागू नका. त्यांचा शेवटचा आकडा स्थिर राहत नाही आणि ते २०-५० ग्रॅमच्या पुढे तोलत नाहीत, म्हणजे बीकर ठेवला की संपलं. सोबत १०० किंवा २०० ग्रॅमचं वजन घ्या आणि कामाला बसण्यापूर्वी प्रत्येक वेळी ते ठेवून बघा.

काटा ओट्यावर सपाट ठेवा आणि पंखा बंद करा. पंख्याच्या वाऱ्याने ०.०१ चा आकडा मागेपुढे होत राहतो. वर पारदर्शक डबा उपडा घातला तर तो शांत होतो. पदार्थ थेट तबकडीवर टाकू नका, आधी छोटं भांडं ठेवून शून्य करा आणि मग त्यात घाला.

आता काट्याचा खरा उपयोग सांगतो, जो नवख्यांच्या लक्षात येत नाही: काट्याने काचसुद्धा तपासता येते. पिपेटने, म्हणजे ठरलेलं माप ओढून घ्यायच्या बारीक काचेच्या नळीने, १० मिलि डिस्टिल्ड पाणी घ्या आणि शून्य केलेल्या भांड्यात सोडा. पाणी २५ अंशांवर असेल तर काटा ९.९६ ग्रॅमच्या आसपास दाखवायला हवा. एप्रिलमधल्या दुपारी पाणी ३५ अंशांवर गेलं असेल तर ९.९३. पाच वेळा करा आणि पाचही आकडे लिहा. ते एकमेकांच्या जवळ असतील पण सगळेच ९.८० च्या घरात असतील, तर पिपेटची खूण चुकीची आहे. आकडे विखुरलेले असतील तर हात अजून बसायचा आहे. हा फरक स्वतः पाहिला की मोजमाप म्हणजे काय ते जेवढं कळतं, तेवढं कुठल्याही व्याख्येने कळत नाही. अर्ध्या तासाचं काम आहे, पहिल्याच दिवशी करून टाका.

थर्मामीटर

पाऱ्याचा नको. फुटला तर पारा गोळा करताना नाकी नऊ येतात आणि त्याची वाफ विषारी असते. लाल अल्कोहोलचा काचेचा किंवा स्टीलच्या दांडीचा डिजिटल घ्या. तपासायची रीत सोपी आहे. बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी यांत शून्य दिसलं पाहिजे. उकळत्या पाण्यात मात्र १०० ची वाट बघू नका. सांगली समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथे पाणी ९८ अंशांच्या थोडं वर उकळतं. साताऱ्यात त्याहून थोडं कमी आणि महाबळेश्वरला तर ९५-९६ लाच. इथे १०० दाखवणारा थर्मामीटर दीड-दोन अंशांनी जास्त दाखवतोय असं समजा.

आता काच

हरियाणातलं अंबाला हे वैज्ञानिक उपकरणांचं मोठं केंद्र आहे आणि स्वस्त सेट बऱ्याचदा तिकडूनच येतात. त्यात चांगला माल असतो आणि साध्या काचेचाही असतो. तापवायच्या प्रत्येक भांड्यावर ३.३ हा आकडा छापलेला आहे का ते बघा. ही बोरोसिलिकेट काच. तापल्यावर ती साध्या काचेच्या साधारण एक तृतीयांशच प्रसरण पावते, म्हणून तडकत नाही. आकडा नसेल तर भांडं फक्त थंड कामाला वापरा.

सुरुवातीला एवढंच पुरे: १०० आणि २५० मिलिचे दोन-दोन बीकर, २५० मिलिचे दोन शंकूपात्र, डझनभर परीक्षानळ्या आणि स्टँड, १० आणि १०० मिलिची मोजनळी, १० मिलिची पिपेट आणि तिचा रबरी फुगा, नरसाळं, फिल्टर पेपर, काचेची कांडी. पिपेट तोंडाने कधीही ओढू नका, साध्या पाण्यासाठीसुद्धा नाही, कारण सवय पाण्यावरच लागते. बीकरवरच्या रेघा अंदाजापुरत्या असतात, त्यांत पाच टक्क्यांपर्यंत फरक चालतो. मोजायला मोजनळी, अचूक मोजायला पिपेट. मोजनळी, पिपेट, ब्युरेट आणि जाड बुडाच्या बाटल्या कधीही तापवायच्या नाहीत.

औषधाच्या दुकानातल्या ५ आणि १० मिलिच्या सिरिंज, सुईशिवाय, फार कामाच्या आहेत. स्वस्त, न फुटणाऱ्या आणि थेंब-थेंब सोडता येणाऱ्या.

तापवण्यासाठी इंडक्शन

स्पिरिटचा दिवा शाळेच्या आठवणीमुळे सगळ्यांना हवा असतो. मी घरात तो सुचवत नाही. ज्योत उघडी असते, दिवा कलंडला की ओट्यावर आग पसरते, आणि स्पिरिट मिळवताना परवान्याच्या भानगडी येतात. घरात इंडक्शनची शेगडी असेल तर वेगळं, जाड बुडाचं स्टीलचं पातेलं घ्या. त्यात चार बोटं पाणी, तळाला जाड कापडाची घडी, आणि त्यावर बीकर. काच इंडक्शनवर थेट तापत नाही, पण पातेल्यातलं पाणी तापतं. पाणी आपल्याकडे ९८ च्या फार वर जातच नाही, त्यामुळे काही करपत नाही की भडकत नाही. तुरटीचे स्फटिक, जास्वंदीचा अर्क, मोरचुदाचं (कॉपर सल्फेटचं) द्रावण, सगळं यात होतं. फक्त पातेल्यातलं पाणी आटू देऊ नका.

मीटर: शेतीच्या दुकानात चौकशी करा

तासगाव, पलूस, मिरजेकडच्या द्राक्षपट्ट्यात पीएच (आम्ल-अल्कलीपणा) मीटर, ईसी (पाण्यातून वीज किती वाहते ते मोजणारा) मीटर आणि ब्रिक्स म्हणजे रसातली साखर बघायचा रिफ्रॅक्टोमीटर ही तिन्ही साधनं शेतकऱ्यांच्या वापरातली आहेत. म्हणून कृषी सेवा केंद्रात आधी विचारा. तिथला माणूस ती वापरून दाखवू शकतो, हा मोठा फायदा.

पीएच मीटर नाजूक असतो. त्याचं काचेचं टोक कोरडं पडलं की मीटर गेला. टोपणात पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणाचे चार थेंब ठेवा. डिस्टिल्ड पाण्यात बुडवून ठेवायचं नाही, त्याने टोकाचा जीव लवकर जातो. सोबत बफरच्या, म्हणजे ठरलेल्या पीएचचं द्रावण करायच्या, पुड्या मिळतात, बहुतेक ४.०१, ६.८६ आणि ९.१८ च्या. प्रत्येक पुडी तिच्यावर लिहिलेल्या मापाच्या, बहुधा २५० मिलि, डिस्टिल्ड पाण्यात विरघळवून बाटलीत ठेवा आणि मीटर दर वेळी निदान दोन बफरवर लावून घ्या.

टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मीटर आणि ईसी मीटर आतून एकच असतात. दोन्ही पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतात. टीडीएसचा आकडा त्याला ०.५ ते ०.७ मधल्या कुठल्यातरी संख्येने गुणून दाखवलेला अंदाज असतो. म्हणून निवडायची वेळ आली तर ईसी दाखवणारा घ्या. पहिला उपयोग डिस्टिल्ड पाणी तपासायला करा. बॅटरीसाठी मिळणारं पाणी साधारण चालतं, पण आणलं की मोजा, शून्याच्या जवळ दिसलं पाहिजे. आरओचं पाणी म्हणजे डिस्टिल्ड पाणी नव्हे. तो मीटर त्यातही उरलेले क्षार लगेच दाखवतो.

दुसरा उपयोग मातीचा. ऊसाला वर्षानुवर्षं जास्त पाणी देऊन कृष्णाकाठची कितीतरी जमीन क्षारपड झाली आहे. २० ग्रॅम वाळलेली, चाळलेली माती आणि ५० मिलि डिस्टिल्ड पाणी अर्धा तास अधूनमधून ढवळा, निवळू द्या आणि वरच्या पाण्याचा ईसी घ्या. माती परीक्षणाच्या अहवालात याच पद्धतीत १ डेसिसीमेन्स प्रति मीटरच्या आतला आकडा ठीक मानतात. एकाच शेतातली पाटाकडची आणि बांधाकडची माती शेजारी ठेवून बघा. दोन आकड्यांत किती अंतर पडतं ते पाहिल्यावर काका-मामा लोकसुद्धा खुर्ची ओढून बसतात.

या यादीत माझी एक आवडती, थोडी हौसेची वस्तू घालतो: ३६५ नॅनोमीटरची अतिनील टॉर्च. हळदीची चिमूट सॅनिटायझरमध्ये ढवळून फिल्टर पेपरच्या पट्टीवर थेंब टाका, वाळू द्या आणि अंधारात टॉर्च मारा. हळदीतलं कर्क्युमिन पिवळं-हिरवं चमकतं. त्याच कागदावर धुण्याच्या सोड्याचं पाणी लावलं की डाग तांबडा होतो, म्हणजे हळदीचा कागद हा अल्कली ओळखायचा कागदही झाला. टॉर्च डोळ्यांकडे धरू नका, भिंतीवरून परत येणाऱ्या उजेडाकडेही टक लावू नका. आणि हळदीतली भेसळ शोधायला आयोडीन टाकून निळा रंग बघायचा सल्ला कुणी दिला तर दुर्लक्ष करा. हळकुंडात मुळातच स्टार्च असतो, शुद्ध हळदही निळी-काळी होणारच.

रसायनं: काय आणा, काय नको

किराण्यातून खायचा सोडा, धुण्याचा सोडा, सायट्रिक ॲसिड म्हणजे लिंबूफूल, व्हिनेगर, तुरटी, मीठ. शेतीच्या दुकानातून मोरचूद. लॅबचं सामान विकणाऱ्याकडून ०.१ नॉर्मल तीव्रतेचं तयार सोडियम हायड्रॉक्साइड आणि फिनॉल्फ्थॅलिन हा दर्शक, म्हणजे रंग बदलून शेवट दाखवणारा पदार्थ. पहिल्या वर्षाला एवढं खूप झालं.

तीव्र गंधकाम्ल, नत्राम्ल, मीठाम्ल घरात आणू नका. २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर तीव्र आम्लांच्या विक्रीची नोंद ठेवावी लागते, ओळखपत्र लागतं आणि १८ वर्षांखालच्यांना ती विकता येत नाहीत. कायदा बाजूला ठेवला तरी घरच्या कामाला त्यांची गरज नाही. संडास धुण्याचं आम्ल आणि ब्लीचिंग पावडर एकमेकांच्या जवळही ठेवू नका. ती मिसळली की क्लोरीन वायू निघतो आणि बंद न्हाणीघरात तो जीव घेऊ शकतो.

मोरचुदाचं पाणी मोरीत ओतायचं नाही. तांबं माशांना विषारी आहे आणि मोरीतलं पाणी शेवटी कृष्णेलाच मिळतं. टाकाऊ द्रावण रुंद तोंडाच्या बरणीत गोळा करा, उन्हात आटवा आणि उरलेले स्फटिक पुन्हा वापरा. तो कच्चा माल आहे, कचरा नव्हे.

ब्युरेट

माझ्या सगळ्या सामानात हिच्यावर जीव आहे. ५० मिलिची घ्या, टेफ्लॉनच्या तोटीची. काचेची तोटी सोडियम हायड्रॉक्साइडने चिकटून बसते आणि सोडवताना मोडते. अ वर्गाच्या ब्युरेटमध्ये ०.०५ मिलिपर्यंत फरक चालतो, ब वर्गात ०.१ पर्यंत. घरी ब वर्ग चालेल. जड बुडाचा स्टँड आणि पकड मात्र चांगली घ्या, हलणाऱ्या स्टँडवर ब्युरेट लावू नका.

पहिलं टायट्रेशन, म्हणजे माहीत तीव्रतेचं द्रावण थेंब-थेंब सोडून नमुन्यातलं आम्ल मोजणं, अशा वस्तूचं करा जिचं उत्तर बाटलीवर छापलेलं आहे. व्हिनेगर उत्तम. ब्युरेट आधी पाण्याने आणि मग त्याच सोडियम हायड्रॉक्साइडने विसळा. भरा, तोटी झटकन उघडून टोकातला हवेचा बुडबुडा घालवा, आणि वाचन घ्या. पाण्याची कड वाकलेली दिसते, तिचा सगळ्यात खालचा भाग डोळ्यांच्या रेषेत आणून वाचायचं. मागे काळी पट्टी काढलेला पांढरा कागद धरला तर कड स्पष्ट दिसते. शंकूपात्रात २ मिलि व्हिनेगर, ५० मिलि डिस्टिल्ड पाणी, फिनॉल्फ्थॅलिनचे तीन थेंब. खाली पांढरा कागद.

डाव्या हाताने तोटी, उजव्या हाताने पात्र गोल फिरवत राहायचं. सुरुवातीला धार पडली तरी चालते. जिथे थेंब पडतो तिथे गुलाबी ठिपका उमटतो आणि लगेच विरतो. हा ठिपका विरायला वेळ लावू लागला की धार बंद, आता एक-एक थेंब. मग अर्धा थेंब: तोटी जेमतेम उघडून टोकाशी लोंबता ठेवायचा, पात्राच्या भिंतीला टेकवायचा आणि पाण्याने आत ढकलायचा. एका अर्ध्या थेंबाला सगळं पात्र फिकट गुलाबी होतं आणि अर्धा मिनिट तसंच राहतं. तिथे थांबा. रंग गडद गुलाबी झाला असेल तर शेवट ओलांडला, नवीन नमुना घ्या.

लागलेल्या मिलिलिटरांना ०.३ ने गुणा, व्हिनेगरातल्या आम्लाची टक्केवारी मिळते. बाटलीवर ४ टक्के लिहिलं असेल तर १३.३ च्या आसपास यायला हवं. तीन वाचनं ०.१ च्या आत येईपर्यंत पुढच्या कामाला हात घालू नका.

मग द्राक्षं घ्या. गाळलेला १० मिलि रस, तेच पाणी, तोच दर्शक. इथे मिलिलिटरांना ०.०७५ ने गुणलं की टार्टारिक आम्लाच्या हिशेबात टक्के मिळतात, म्हणजे ८ मिलि लागलं तर ०.६ टक्के. काळ्या द्राक्षात गुलाबी रंग दिसत नाही, तिथे पीएच मीटर बुडवून ८.२ वर थांबायचं. जानेवारीपासून एकाच वेलावरचे मणी दर आठवड्याला आणा, आम्लता आणि ब्रिक्स दोन्ही वहीत लिहा. एक उतरत जाते, दुसरा चढत जातो, आणि वेल दाखवणाऱ्या बागायतदाराला तुमची वही बघायची ओढ लागते.

हात बसल्यावर बोअरच्या पाण्याची कठीणता, म्हणजे त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियमचं प्रमाण, काढा. ०.०१ मोलर तीव्रतेचं ईडीटीए (कॅल्शियम-मॅग्नेशियम बांधून घेणारं रसायन), सोबतचं बफर आणि एरिओक्रोम ब्लॅक टी हा दर्शक असा संच तयार मिळतो. ५० मिलि पाणी घ्या, रंग वाइनसारख्या तांबड्यावरून स्वच्छ निळा होईपर्यंत ईडीटीए सोडा. प्रत्येक मिलिलिटरमागे १ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे २० मिलि लागलं तर लिटरला ४०० मिलिग्रॅम. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यासाठी २०० ही इष्ट मर्यादा आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालतं. नमुना घेताना मोटर पाचेक मिनिटं चालू देऊन मग बाटली भरा, आणि वहीत बोअरची जागा, खोली, तारीख आणि पाण्याचं तापमान लिहा. तेच बोअर मे महिन्यात आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये मोजा.